टाकून दिलेल्या इंजिनाला नवं काम
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू ते भंगारातल्या इंजिनांचं काहीतरी करत असतोस ना, त्यावर वीस मिनिटं बोल." माझ्या आधी आपल्या मैत्रिणीने हिमालयातल्या पदभ्रमणाची इतकी सुंदर छायाचित्रं दाखवली. त्यानंतर भंगार म्हणजे श्रीखंडानंतर कारल्याची भाजी. पण या विषयाचा आपल्या शाळेशी आणि आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे, आणि शेवटी मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. म्हणून उभा राहिलोय.

आधी कुठलं इंजिन ते सांगतो. माळी खांद्याला पट्टा अडकवून, लांब दांडीच्या टोकाला फिरणारं पातं लावून गवत कापतो, ते यंत्र तुम्ही पाहिलंच असेल. त्याला ग्रास कटर म्हणतात, कोणी ब्रश कटर म्हणतात. त्या दांडीच्या मागच्या टोकाला सोललेल्या नारळाहून थोडं मोठं जे इंजिन असतं, ते टू-स्ट्रोक. झाडं कापायच्या चेन सॉमध्ये त्याच जातीचं इंजिन. आंब्यावर फवारणी करायचा पाठीवरचा पेट्रोलचा पंप, म्हणजे आपल्या मालाडच्या अ‍ॅस्पी कंपनीचा 'बोलो' वगैरे, त्यातही तेच.

आता तुम्ही म्हणाल, लालबाग-परळात गवत कुठलं? आपण शाळेत होतो तेव्हा हिरवळ बघायची तर राणीच्या बागेत जायचं, नाहीतर हँगिंग गार्डनला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं तुम्हाला मी सांगायला नको, आपल्यातल्या निम्म्या घरांनी ते भोगलंय. गिरण्या गेल्या, टॉवर आले. टॉवरच्या पार्किंगच्या डोक्यावर बाग आली, बागेत हिरवळ आली, आणि हिरवळीच्या मागोमाग ग्रास कटर आले. दोन-तीन पावसाळे झाले की यंत्र "चालू होत नाही" म्हणून वॉचमनच्या केबिनमागे जाऊन पडतं. तिथून ते भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातं. माझे वडील गिरणीत साचेखात्यात फिटर होते. ज्या जमिनीवर ते साचे दुरुस्त करायचे, त्या जमिनीवरून आता मी बंद पडलेले ग्रास कटर उचलून आणतो. निवृत्त झाल्यावर लागलेला हा नाद आहे, आणि आतापर्यंत हाताखालून पंचवीसेक इंजिनं गेली.

यातली बहुतेक इंजिनं मेलेली नसतात. ती उपाशी असतात किंवा त्यांचा श्वास कोंडलेला असतो. हे समजायला आतली रचना थोडी माहीत हवी. स्कूटर चालवलेल्यांना ती माहीतच आहे. १९७२ साली आलेली चेतक आठवा. सकाळी सुरू होईना की बाबा तिला डावीकडे आडवी करायचे, मग किक मारायचे. पेट्रोल पंपावर वेगळा दांडा दाबून टू-टी ऑइल घालून घ्यायचे. ते सगळं टू-स्ट्रोकचं शास्त्र होतं. या इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, आणि पिस्टनच वरखाली होताना त्या उघडतो आणि मिटतो. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यांच्या कारखान्यात १८९१-९२ च्या सुमारास ही रचना आकाराला आली, आणि आजही ग्रास कटरमध्ये मूळ कल्पना तीच आहे. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. वंगणासाठी वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच जाता जाता बेअरिंगला आणि पिस्टनला लागतं. म्हणून तेल विसरलं की काही मिनिटांत पिस्टन धरतो.

भंगारात इंजिन हाती आलं की मी दुकानातच तीन गोष्टी बघतो. पहिली, दोरीची मूठ धरून यंत्र अलगद उचलायचं. इंजिन दोरीवर लटकून सावकाश, अडखळत खाली आलं तर कॉम्प्रेशन चांगलं आहे. झर्रकन खाली गेलं तर नमस्कार करून परत ठेवायचं. दुसरी, सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून त्या खिडकीतून पिस्टन बघायचा. पिस्टन गुळगुळीत असला तर घ्यायचा, उभे ओरखडे असले तर तो एकदा धरलेला आहे, सोडून द्यायचा. तिसरी, प्लग काढून, त्याला टोपी लावून, सिलिंडरच्या पत्र्याला टेकवून दोरी ओढायची आणि ठिणगी बघायची. मात्र त्या वेळी प्लगचं भोक आणि सांडलेलं पेट्रोल दूर असलं पाहिजे. ठिणगी नसेल तरी लगेच निराश व्हायचं कारण नाही. फ्लायव्हीलचं चुंबक आणि इग्निशन कॉइल यांच्यात साधारण ०.३ मिलिमीटरची फट हवी, म्हणजे एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड मावेल एवढी. पुष्कळदा तिथे गंज चढलेला असतो. पॉलिश पेपर मारला की ठिणगी परत येते.

या तिन्ही परीक्षांत पास झालेलं इंजिन का बंद पडलेलं असतं? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कार्ब्युरेटरमुळे. ग्रास कटर कसाही आडवातिडवा धरला तरी चालला पाहिजे, म्हणून त्यात फ्लोटऐवजी रबरासारखा एक पातळ पडदा असतो. यंत्र टाकीत पेट्रोल ठेवून चार महिने पडून राहिलं की पडदा कडक होतो, पेट्रोलच्या नळ्यांचा भुगा होतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पडद्याचं किट आणि हातभर नळी बदलली की पाच वर्षं गप्प असलेलं इंजिन बोलायला लागतं. खर्च किती? वडापाव आणि चहा धरून आपल्या दोघांच्या एका संध्याकाळचा.

इंजिन चालू होणं ही अर्धी गोष्ट झाली. खरा प्रश्न पुढे येतो, याला काम कुठलं द्यायचं? इंटरनेटवर बघून मुलं पहिली धाव सायकलकडे घेतात. म्हणून सायकलचंच गणित करू, आपल्या गणिताच्या सरांना बरं वाटेल. ग्रास कटरचं साधारण ४३ सीसीचं इंजिन मिनिटाला सुमारे ६,५०० फेऱ्यांवर आपली ताकद देतं, आणि ती ताकद असते सव्वा किलोवॉटच्या आसपास. २६ इंची सायकलचं चाक एका फेरीत सुमारे २.०७ मीटर जातं. ताशी २० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला ३३३ मीटर, म्हणजे चाकाच्या साधारण १६० फेऱ्या. इंजिनाच्या ६,५०० आणि चाकाच्या १६०. म्हणजे वेग चाळीस पटीने कमी करायला हवा. एका छोट्या आणि एका मोठ्या पुलीत हे होत नाही. दोन टप्पे लागतात, कधी तीन. हे न करता इंजिन थेट चाकाला जुंपलं तर क्लच जळतो.

आणि समजा जमलंच, तरी कायदा आहे. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन वगळलेलं आहे. आपलं ग्रास कटरचं ४३ सीसीचं इंजिन सायकलला लावलं की ती सायकल कायद्याने मोटरगाडी झाली. नोंदणी नाही, विमा नाही, आणि सायकलचे ब्रेक त्या वेगासाठी केलेले नाहीत. म्हणून मी सायकल करत नाही आणि कोणाला करूही देत नाही. भारतमाता थिएटरसमोरच्या गर्दीत तर नाहीच नाही.

पण सायकलला असं इंजिन लावूनच एक मोठी कंपनी उभी राहिली, हेही सांगायला हवं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये बस-गाड्यांचे हाल होते. १९४६ साली हामामात्सुच्या सोइचिरो होंडांना लष्कराच्या वायरलेस संचासाठी केलेली छोटी टू-स्ट्रोक जनरेटर इंजिनं मिळाली, सुमारे पाचशे. ती त्यांनी सायकलींना बसवून विकली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून गरम पाण्याने शेकायची बाटली लावली होती. पाचशे इंजिनं संपली, गिऱ्हाईक संपेना, मग त्यांनी स्वतःचं इंजिन तयार केलं. त्या काळी तिथे ती गरज होती. आज मुंबईत बेस्टची बस आणि लोकल असताना ती गरज नाही. म्हणून गरज कुठे आहे ते आधी शोधायचं आणि मग इंजिनाकडे वळायचं.

माझ्यापुरती ती गरज गावाकडे सापडली. आपल्यातले पुष्कळजण कोकणातले, घाटावरचे. गणपतीला, शिमग्याला गावी जातो तेव्हा काय दिसतं? आई-वडील थकलेले, मुलं मुंबईत, आणि वीज असली तरी ओढ्याच्या काठापर्यंत वायर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या गावी पहिलं इंजिन मी पाण्याच्या पंपाला लावलं. का, ते बघा. छोटा पंखा असलेल्या पंपाला जास्त फेऱ्याच लागतात, त्यामुळे वेग कमी करायची भानगड नाही. पाणी दहा मीटर वर, मिनिटाला शंभर लिटर चढवायचं तर प्रत्यक्ष पाण्याला लागते जेमतेम १६३ वॉट शक्ती. लहान पंप फार कार्यक्षम नसतात, तीस टक्के धरा, तरी साडेपाचशे वॉट झाले. म्हणजे इंजिनाच्या निम्म्याहून कमी ताकदीत काम होतं आणि ते तापत नाही. आमच्या पंपाला तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल लागतं आणि तेवढ्यात सहा हजार लिटर पाणी सुपारीला मिळतं. पंप मात्र पाण्यापासून पाच-सहा मीटरपेक्षा वर ठेवायचा नाही. ओढून घ्यायची मर्यादा हवेच्या दाबाने ठरते, इंजिन कितीही मोठं असलं तरी.

दुसरं काम भात वारवायचं. वारा पडला की खळ्यावरची माणसं सूप हातात धरून बसतात. तिथे पंखा हवा मिनिटाला सहाशे फेऱ्यांचा. म्हणजे अकरा पटीने वेग कमी. दोन टप्प्यांत, प्रत्येकी सव्वातीन-साडेतीन पट, व्ही-पट्ट्याने होतं. पट्टे, पुल्या, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, आणि क्लचच्या ड्रमला बसणारी पुली परळच्या गाळ्यातला टर्नर एका दुपारी कातून देतो. यात एक गोष्ट जपायची. पट्ट्याचा ताण थेट क्रँकवर घ्यायचा नाही. ग्रास कटरमध्ये क्लचचा ड्रम स्वतःच्या बेअरिंगवर, स्वतःच्या डब्यात बसलेला असतो. तो डबा फेकायचा नाही, आणि त्याच्यापुढे जोडीला आणखी एक बेअरिंग बसवायचं. नाहीतर ओढ एका बाजूने पडून क्रँकची बेअरिंगं महिन्याभरात जातात. तसंच फ्लायव्हीलवरचं प्लॅस्टिकचं झाकण "दिसायला बरं नाही" म्हणून काढायचं नाही. त्यानेच वारा सिलिंडरवर वळवला जातो. आणि भार सुटला की एकदम थ्रॉटल सोडायचा. या इंजिनांना वेगाला आवर घालणारा गव्हर्नर बहुधा नसतो.

ज्या घरात विजेचं बटण हाताशी आहे तिथे इलेक्ट्रिक मोटर लावा. स्वस्त पडते, आवाज करत नाही, धूर करत नाही. टू-स्ट्रोक इंजिन रस्त्यावरून हद्दपार झालं ते उगीच नाही. पिस्टनच्या खिडक्या उघड्या असताना थोडं न जळलेलं पेट्रोल आणि तेल सायलेन्सरवाटे निघून जातं. तोच तो निळा धूर. शिवाय त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही आणि रंग नाही. चाळीच्या खोलीत, गाळ्याचं शटर ओढून घेऊन किंवा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही. मी मुंबईत इंजिन फक्त गच्चीवर, दिवसा, शेजाऱ्यांना सांगून, दोन मिनिटं चालवून बघतो. बाकी सगळं गावी. कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा. पेट्रोल एक लिटरला तेल किती, ते यंत्रावर लिहिलेलं असतं. पंचवीसला एक असेल तर ४० मिलिलिटर, पन्नासला एक असेल तर २० मिलिलिटर. आणि काही नवे ग्रास कटर फोर-स्ट्रोक असतात, त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल घालायचं नसतं. टाकीचं झाकण नीट वाचा.

आता आपल्या शाळेकडे येतो. हे जे मी सांगितलं, त्यातलं मला काय काय स्वतः शोधून काढावं लागलं? फार थोडं. दोरीला इंजिन टांगून बघायची युक्ती वडिलांच्या मित्राकडून आली. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, १८७९ साली सुरू झालेल्या. बेअरिंगची ओढ ओळखायला वडिलांनी शिकवलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ते बेअरिंगचा आवाज ऐकायचे. संपानंतर आपल्या भागात किती फिटर, टर्नर, जॉबर घरी बसले आणि जिन्याखाली छोटे गाळे मांडून स्टोव्ह, मिक्सर, स्कूटर दुरुस्त करायला लागले, ते आपण डोळ्यांनी बघितलंय. गणपतीतले हलते देखावे त्याच हातांचे. मोटारीच्या काचेच्या वायपरची मोटर काढून तिच्यावर मान हलवणारा हत्ती त्यांनी उभा केला. एका कामाच्या यंत्रातून दुसऱ्या कामाचं यंत्र काढायचं, हे गिरणगावाला कोणी इंग्रजी नाव देऊन शिकवलं नाही. पण ते हात आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझे वडील गेले. त्यांच्या बरोबरचे मोजून चार-पाच उरलेत.

आणि आपला टेक्निकलचा वर्ग आठवा. तळमजल्यावरची ती लांब खोली, बारा व्हाइस, एक लेथ. पहिला धडा लोखंडाचा चौकोन कानसेने घासून काटकोनात आणायचा. सर त्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की "परत". सहा-सहा आठवडे एकच चौकोन! तेव्हा आपण वैतागायचो. आज पुलीच्या भोकात शाफ्ट बसवताना हाताला जे कळतं, ते त्या चौकोनाने शिकवलेलं आहे.

बाईंच्या परवानगीने सांगतो, ती खोली बरीच वर्षं बंद आहे. सामान कपाटात आहे, लेथवर ताडपत्री आहे. शाळेला जागा कमी पडते, आणि ते बरोबरच आहे. येत्या मे महिन्यात ती खोली रिकामी करून सामान भंगारात काढायचा विचार आहे. बाईंनी मला विचारलं, "तुम्ही भंगारातून वस्तू उचलता, मग याचं काय करता येईल ते सांगा." मी पंधरा दिवस मागून घेतले आणि आज उत्तर तुमच्यासमोर ठेवतो.

मला पूर्ण खोली नको. निम्मी द्या, उरलेल्या निम्म्यात शाळेचं ग्रंथालय वाढू दे. सहा व्हाइस आणि लेथ राहू द्या. दर शनिवारी सकाळी दोन तास आठवी-नववीची दहा-बारा मुलं-मुली आणि आपल्यातले दोन माजी विद्यार्थी. पहिले दोन महिने कानस, गुण्या आणि मोजमाप. मग बंद पडलेलं इंजिन उघडायचं, साफ करायचं, जोडायचं. शाळेत इंजिन चालवायचं नाही, शाळेत पेट्रोल आणायचं नाही. जोडलेलं इंजिन एखाद्या विद्यार्थ्याच्या गावी पंपाला लागलं की त्याचा फोटो वर्गात लावायचा. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबमधून आज शाळांमध्ये थ्रीडी प्रिंटर आलेत, ती चांगली गोष्ट आहे. पण मुलाने स्क्रीनवर पुली काढली तरी ती शाफ्टवर घट्ट बसली की सैल, हे बोटांनाच कळतं. तेही शिकायला मिळू दे.

लेथची दुरुस्ती, वायरिंग आणि दिवे यांचा अंदाज मी काढला आहे, कागद मागच्या टेबलावर ठेवलाय. रक्कम मोठी नाही, आपल्या या मेळाव्याच्या जेवणाच्या खर्चाहून कमी आहे. पण मला पैशांपेक्षा शनिवार हवेत. वर्षाचे चाळीस शनिवार, प्रत्येकी दोन माणसं, म्हणजे ऐंशी. इथे आज आपण शंभराच्या वर आहोत. एकाने वर्षातला एक शनिवार दिला तरी खोली चालते. ज्यांना कानस धरता येत नाही त्यांनी हजेरी घ्यावी, चहा करावा. आणि ज्यांच्या घरी अजून कोणी जुने फिटर, टर्नर, जॉबर, काका, मामा, सासरे आहेत, त्यांनी त्यांना एक दिवस खुर्चीत बसवून तरी घेऊन यावं. त्यांनी नुसतं बेअरिंगला कान लावून दाखवला तरी मुलांचा तो तास सार्थकी लागेल.

जेवणाच्या रांगेजवळ एक वही ठेवली आहे. नाव, फोन आणि कुठला शनिवार, एवढंच लिहायचं. वही भरली की बाई ती घेऊन विश्वस्तांकडे जाणार आहेत, त्यामुळे नावं आजच हवीत. तुमच्या सोसायटीत बंद पडलेला ग्रास कटर असेल तर तोही चालेल. फक्त आणायच्या आधी टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा.